मेट्रो 3 सुरू झाल्यापासून मुंबईतला मुक्काम, जेवणखाण आणि संध्याकाळ: एका कोल्हापूरकराचा अनुभव

आमचं गोकुळ शिरगावला कास्टिंग आणि मशिनिंगचं छोटं युनिट आहे, निम्मी गिऱ्हाइकं मुंबईत, त्यामुळं मुंबईची फेरी वर्षानुवर्षं चालूच आहे. परचेसवाले बसतात अंधेरी एमआयडीसी आणि तिथल्याच सीप्झला (निर्यातवाल्या कंपन्यांची वसाहत), फायनान्सवाले बीकेसीत म्हणजे बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्समध्ये, आणि बँकेचं काम निघालं की फोर्ट नाहीतर नरिमन पॉइंट. इतकी वर्षं सरळ हिशोब होता, मीटिंग अंधेरीत तर झोपायचं पण अंधेरीतच. ऑक्टोबर 2025 मध्ये मेट्रो 3 कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि मी हा हिशोब उलटा करून टाकला. आता झोपायचं दक्षिणेत, मरीन लाइन्स नाहीतर फोर्टच्या बाजूला, आणि सकाळी कामाला वर जायचं. काही महिने झाले असं करून, आणि आता परत अंधेरी ईस्टच्या त्या हॉटेलांत जायची माझी तरी इच्छा नाही.

आधी अंधेरीचं सांगतो म्हणजे फरक कळेल. बिझनेस हॉटेल म्हणून जे काही विकलं जातं त्यात चकचकीत लॉबी असते, रिसेप्शनवर लिंबूपाणी मिळतं, आणि रूमची खिडकी उघडली की समोरच्या बिल्डिंगची भिंत. एका ठिकाणी (नाव घेत नाही) सकाळी आठला पोचलो तर म्हणे चेक-इन दोनला, आत्ता रूम पाहिजे तर अर्ध्या दिवसाचं भाडं वेगळं पडेल, आणि मागं भिंतीवरच्या फळीवर निम्म्या खोल्यांच्या चाव्या लटकलेल्या मला दिसत होत्या. बिलावर कंपनीचा जीएसटी नंबर चुकीचा टाकला तो वेगळाच, तो दुरुस्त करून घ्यायला आमच्या अकाउंटंटनं किती मेल केले त्यालाच माहीत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे संध्याकाळी सातला काम संपलं की तिथं करायचं काय? बाहेर मेट्रोचे खांब, डंपर आणि हॉर्न. माणूस गपचूप रूम सर्व्हिसचं पनीर खातो आणि टीव्ही बघत झोपतो.

मेट्रो 3 म्हणजे आरे ते कफ परेड, 33.5 किलोमीटर, 27 स्टेशनं, सगळ्यात लांबचं तिकीट 70 रुपये. माझ्या कामाची सगळी ठिकाणं एकाच लाइनवर आलीत, सीप्झ, एमआयडीसी अंधेरी, बीकेसी, हुतात्मा चौक, विधान भवन, आणि दोन्ही विमानतळ टर्मिनल पण. पूर्वी फोर्टमधनं सीप्झला टॅक्सीनं जायचं म्हणजे दुपारचं जेवण गाडीतच झालं असं समजायचं. आता तासाभरात होतं, एसीत, शर्टाची इस्त्री न मोडता, आणि पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, "अकराला पोचतो" म्हटलं की अकराला पोचता येतं, हे मुंबईत मी कधी बोलेन असं वाटलं नव्हतं.

आता हॉटेलं. माझं नेहमीचं झालंय ते बॉम्बे हॉस्पिटलसमोरचं वेस्ट एंड. 1948 सालापासूनचं आहे आणि ते जुनेपण त्यांनी लपवलेलं नाही, रुंद जिने, रुंद कॉरिडॉर आणि खोल्या मुंबईच्या मानानं चांगल्याच मोठ्या. सुटकेस जमिनीवर उघडी ठेवून वर चालायला जागा उरते, ज्यानं मुंबईत हॉटेलं बघितलीत त्याला यातलं सुख कळेल. ज्यांना सगळं नवंकोरं, बटण दाबलं की पडदा सरकतो असलं पाहिजे त्यांनी तिकडं जाऊ नये. मला मोठी खोली, शांतता आणि लिहायला धड टेबल पाहिजे, ते मिळतं. मरीन लाइन्स स्टेशन चालत, काळबादेवी मेट्रो चालत.

बायको सोबत असली की मरीन ड्राइव्हवरचं सी ग्रीन. समोर समुद्र, रूमला बाल्कनी, आणि मरीन ड्राइव्हच्या त्या आर्ट डेको इमारतींची रांग जी 2018 ला युनेस्कोच्या यादीत गेली त्याच रांगेत हे. सुविधांच्या यादीवर जाऊ नका, बाल्कनीत बसायला मिळतं त्याचे पैसे आहेत. ट्रायडंट, ओबेरॉय, ताज हे पार्टीच्या खर्चानं किंवा मोठी ऑर्डर फायनल करायची असेल तेव्हा, स्वतःच्या खिशातनं मी राहत नाही, उगाच खोटं कशाला बोलू.

एक हिशोबाची गोष्ट, ज्यांची कंपनी खर्च देते त्यांनी नीट वाचा. 22 सप्टेंबर 2025 पासून 7500 रुपयांपर्यंतच्या रूमवर जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला, पण त्यावर हॉटेलला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला टॅक्स वजा करून घ्यायची सोय) नाही. 7500 च्या वर 18 टक्केच आहे. म्हणजे बुकिंग करताना 7400 आणि 7800 मध्ये चारशेचा फरक दिसतो तो बिलात तेवढाच राहत नाही, टॅक्स धरून हजाराच्या वर जातो. बाहेरच्या राज्यातल्या कंपनीला मुंबईतल्या हॉटेलच्या टॅक्सचं क्रेडिट तसंही घेता येत नाही कारण तो महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी लागतो, आपण महाराष्ट्रात रजिस्टर्ड असलेल्यांना तो त्रास नाही. चेक-इनलाच जीएसटी नंबर कागदावर लिहून द्यायचा, तोंडी सांगायचा नाही.

कोल्हापूरहून येणारी महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी सीएसएमटीला सोडते तेव्हा हॉटेलची खोली मिळायला वेळ असतो. अंघोळीसाठी स्टेशनच्या रिटायरिंग रूम आहेत, कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीच्या साइटवरनं तासांच्या हिशोबानं बुक होतात, पण आधी करावं लागतं, आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका. अंघोळ उरकली की बॅग घेऊन चालत धोबी तलाव, कयानी. 1904 चं इराणी. लाल चौकड्यांचं टेबलक्लॉथ, त्यावर काच, मागच्या लाकडी कपाटातनं बिस्किटांच्या बरण्या. खिमा पाव सांगायचा, सोबत एक ब्रुन मस्का म्हणजे लोणी लावलेला पाव, तो कडक असतो म्हणून आधी चहात बुडवायचा, लोणी चहावर तरंगायला लागलं की खायचा. निघताना मावा केक बांधून घ्यायचा, आमच्या घरी बॅग उघडायच्या आधी तो मागतात. शेजारच्या टेबलावर कॉलेजची पोरं, हायकोर्टाकडं निघालेले वकील, एखादा म्हातारा पेपर वाचत तासभर बसलेला, कुणी कुणाला उठवत नाही.

शाकाहारी दिवस असला तर गिरगावात ठाकूरद्वारचं विनय हेल्थ होम. मिसळीबद्दल मी कोल्हापूरचा असल्यानं माझं मत धरू नका. मुंबईची मिसळ वेगळी, तिला कट म्हणजे काय ते वेगळ्या अर्थानं माहीत आहे, पण विनयमध्ये तिखट सांगितलं तर माझ्यासारख्याचंही भागतं. दादरच्या आस्वादच्या मिसळीला 2015 ला लंडनमध्ये जगातला सर्वोत्कृष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून बक्षीस मिळालं तेव्हा आमच्याकडं चार दिवस चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. खाल्ली आहे, छान आहे, सौम्य आहे. बाकी आस्वादमध्ये मी थालीपीठ सांगतो.

दुपारचं जेवण फोर्टात असेल आणि समोरच्या माणसाला खूश करायचं असेल तर बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया. 1923 पासूनचं, बेरी पुलावासाठी लोक येतात, त्यातल्या त्या आंबट लाल बेरी इराणच्या, भातात मधेच दाताखाली आल्या की मटणाचा तुपटपणा कापतात. शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. हे दुपारच्या जेवणाचं ठिकाण आहे, रात्री जाऊ म्हणून बेत करू नका, आणि एकच्या आत पोचा. मासे पाहिजेत तर फोर्टातलंच महेश लंच होम, गस्सी (नारळाची मंगळुरी आमटी) आणि नीर डोसा, खेकडा मात्र पार्टीला हातानं फोडून खायला लाज वाटत नसेल तरच, टाय लावलेल्या माणसाला खेकडा सांगून मी एकदा गंमत बघितली आहे. गुजराती किंवा जैन गिऱ्हाईक असेल तर काळबादेवीचं ठाकर भोजनालय, गल्लीत, जिना चढून वर. ताटातली वाटी रिकामी दिसली की वाढप्याला राग येतो असं वाटावं इतकं वाढतात. त्यानंतर तीनची मीटिंग ठेवू नका.

आता रात्र. लोक नाइटलाइफ म्हणजे फक्त दारू समजतात. माझी सगळ्यात आवडती मुंबईची रात्र म्हणजे दादर. मेट्रोच्या दादर स्टेशनातनं वर आलं की सेनाभवन, प्लाझा, शिवाजी मंदिर सगळं चालत. सहा-सव्वासहाला प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष. पियूष म्हणजे श्रीखंड पातळ केलं की झालं असं समजणाऱ्यांनी इथला प्यावा, जायफळ नाकाला लागतं पण घशाला नाही, आणि दाट इतका की ग्लास कलंडला तरी तो घाई करत नाही. मग सिंधुदुर्गात लवकर जेवण, बोंबील फ्राय, सुरमईची कढी, सोलकढी, आणि मग शिवाजी मंदिरला नाटक. जेवण आधीच उरकायचं, कारण नाटक सुटेपर्यंत चांगली स्वयंपाकघरं विझायला लागतात. आमच्याकडं केशवराव भोसले नाट्यगृह 2024 ला आगीत जळालं तेव्हापासून तर नाटकाची भूक मी मुंबईतच भागवतो. मध्यंतरातला बटाटावडा, ती चहाची ढकलाढकली, बाजूच्या काकू नटाच्या मालिकेतल्या भूमिकेबद्दल जोरात बोलणार, सगळं पाहिजे. जाताना लक्षात ठेवा, मेट्रो 3 रात्री साडेदहाच्या सुमारास आवरती घेते. नाटक सुटलं की वेस्टर्नची लोकल पकडून सरळ मरीन लाइन्स. त्या वेळी उलट्या दिशेला बसायला जागा असते, खिडकी पण.

दुसऱ्या प्रकारची रात्र म्हणजे कुलाबा. पार्टी मोठी असेल तर ताजचा हार्बर बार, 1933 चा, एक ड्रिंक घ्यायचं, समोर गेट वे बघायचं, डील बोलायची आणि उठायचं, दुसऱ्या ड्रिंकला आमच्या मार्जिनमध्ये जागा नाही. मग ताजच्या मागच्या गल्लीत, तिथं गोकुळ. साधं परमिट रूम, दर साधे, ट्यूबलाइट, एका टेबलावर विद्यार्थी आणि दुसऱ्यावर परदेशी टुरिस्ट. त्याच गल्लीत बडेमियाँ, 1946 पासून शीग कबाब, रुमाली रोटी, भेजा. गाडीच्या बॉनेटवर प्लेट ठेवून लोक खातात, त्यात मर्सिडीज पण असते. माँडेगारला मी मारिओ मिरांडांच्या भिंतींसाठी जातो, कितव्यांदा बघितल्या तरी कोपऱ्यात एखादं नवीन पात्र सापडतंच. माझ्यासोबत येणारा सेल्सचा पोरगा चोवीसचा आहे, त्याला बिअर कायद्यानं चालते (21 लागतात) पण व्हिस्कीला महाराष्ट्रात 25 लागतात, म्हणून तो वाढदिवसाची वाट बघतोय आणि आम्ही त्याच्यासमोर मुद्दाम ओल्ड मंक सांगतो.

वरळीच्या फोर सीझन्सच्या 34 व्या मजल्यावर एअर म्हणून बार आहे, एकदा बघून यावा, तिथनं मुंबई नुसती दिवे म्हणून दिसते. मला करमलं नाही. बांद्र्याचं टोटोज तिथल्यापेक्षा बरं, मध्येच गाडी लटकवलेली, गाणी आमच्या कॉलेजच्या काळातली. पण बांद्र्यात रात्री गेलात तर परत दक्षिणेत यायला काळी-पिवळी किंवा अॅपची टॅक्सीच, रिक्षा बांद्रा आणि सायनच्या खाली येत नाहीत, नवीन माणूस तिथं दहा मिनिटं रिक्षावाल्यांशी हुज्जत घालत बसतो.

दक्षिणेत राहायचं हे सगळ्यांना जमणार नाही. मोठं सामान, सॅम्पलच्या पेट्या घेऊन आलात तर मेट्रोचे जिने आणि सिक्युरिटी स्कॅनर नको होतात. मध्य रेल्वेच्या बाजूची कामं, ठाणे, भांडुप, विक्रोळी असतील तर दादर ईस्टचं मिडटाऊन प्रीतम सोयीचं, स्टेशन जवळ आणि खाली प्रीतम दा ढाबा. तिथं राहिलो की सकाळी माटुंग्याला जाऊन रामाश्रयला इडली, किंवा दुपारी स्टेशनबाहेर रामा नायकांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये केळीच्या पानावर जेवण, 1942 पासून चालू आहे, रस्समचा वास स्टेशनच्या जिन्यापर्यंत येतो.

आणि पहाटेची फ्लाइट असेल तर माझा सगळा सल्ला बाजूला ठेवा. पहिली मेट्रो सहाला पाच कमी असताना सुटते, तेवढ्यावर सातचं विमान गाठायला जाऊ नका. तेव्हा आदल्या रात्री पार्ल्यात टर्मिनल 1 जवळ ऑर्किड नाहीतर बजेट बघून आयबिस, आणि संध्याकाळी पार्ले ईस्टच्या गजालीत बोंबील आणि तिसऱ्यांचं सुकं. टेबल आधी फोन करून सांगा, शनिवारी तर नक्कीच, आणि खेकडा घेणार असाल तर वजनावर आहे, किती भरला आणि किती झाले ते विचारूनच हो म्हणा.