फ्रीक-सी: बसाल्टात कार्बन डायऑक्साइड कोंडू पाहणाऱ्या पीएचडी संशोधकांसाठी परीक्षण

बसाल्टात कार्बन डायऑक्साइड कायमचा कोंडण्यावर पीएचडी करायची, तर पहिल्या प्रयोगाच्या आखणीपासून प्रबंधाच्या शेवटच्या आकृतीपर्यंत एक सॉफ्टवेअर सोबत राहतं. ते म्हणजे फ्रीक-सी (PHREEQC). अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचं, मोफत. डेव्हिड पार्कहर्स्ट आणि टोनी अपेलो यांच्या तिसऱ्या आवृत्तीची पुस्तिका २०१३ मध्ये आली. पाणी, वायू आणि खनिजं एकत्र आल्यावर काय विरघळेल, कशाचा साका बसेल आणि त्याला किती वेळ लागेल, याचं गणित ते करतं. वायू आधी पाण्यात विरघळवून मग खडकात सोडण्याच्या पद्धतीसाठी याहून चांगलं मोफत साधन नाही, असं आमचं ठाम मत आहे. पण इनपुट फाइलमध्ये जे लिहाल तेच ते सोडवतं. चुकीचा खडक लिहिलात तर चुकीच्या खडकाचं अचूक उत्तर मिळेल.

इन्स्टॉल केल्यावर लगेच बसाल्टाला हात घालू नका. आधी फक्त शुद्ध पाणी आणि कार्बन डायऑक्साइड घ्या, २५ अंश सेल्सियस आणि २५ बारवर. इक्विलिब्रियम-फेजेस या विभागात वायूपुढे जो आकडा लिहायचा तो दाब नसून दाबाचा लॉग असतो, आणि दाब ॲटमॉस्फिअरमध्ये धरायचा. २५ बार म्हणजे २४.६७ ॲटमॉस्फिअर, म्हणून लिहायचं १.३९. तिथे थेट २५ लिहिणारे बरेच असतात. मग प्रोग्राम १० चा २५ वा घात एवढा दाब समजतो आणि गणित कोसळतं. द्रावणाचा एकूण दाब वेगळा द्यावा लागतो, रिॲक्शन-प्रेशर या विभागातून. वायूचा दाब लिहिला म्हणून तो आपोआप बदलत नाही.

उत्तर किलोभर पाण्यात सुमारे ०.७५ मोल यायला हवं, पीएच ३.२ च्या आसपास. म्हणजे एक टन वायूला साधारण ३० टन पाणी. ०.८४ मोल आलं तर तुमच्या डेटाबेसने, म्हणजे वायू-खनिजांचे स्थिरांक असलेल्या फाइलने, वायूला आदर्श वायू मानलंय. तिसऱ्या आवृत्तीत खऱ्या वायूंसाठीचं पेंग-रॉबिन्सन समीकरण आहे, पण डेटाबेसमध्ये त्या वायूचं क्रांतिक तापमान, क्रांतिक दाब आणि ओमेगा (रेणूच्या आकाराशी निगडित गुणांक) लिहिलेलं असेल तरच ते लागू होतं. फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि डोळ्यांनी खात्री करा. २५ बारला हा फरक बारा-तेरा टक्के आहे. ५० अंश आणि १०० बारला फ्युगॅसिटी गुणांक (वायूचा परिणामकारक दाब भागिले प्रत्यक्ष दाब) ०.६५ च्या आसपास उतरतो आणि मग आदर्श वायूवर बेतलेलं मॉडेल निकालातच काढावं लागतं.

डेटाबेसची निवड हाच या सगळ्यातला सर्वांत मोठा निर्णय. सोबत येणारा मूळ फ्रीक-सी डेटाबेस कार्बोनेट पाण्यासाठी भरवशाचा आहे, पण बसाल्टात बनणारी झिओलाइटं आणि चिकणखनिजं त्यात फारच थोडी. लॉरेन्स लिव्हरमोरच्या डेटाबेसमध्ये खनिजांची रेलचेल आहे, मात्र नोंदी एकसारख्या दर्जाच्या नाहीत. बसाल्टासाठी म्हणून तयार केलेला कार्बफिक्स डेटाबेस (२०१८) आम्ही पहिल्या पसंतीला ठेवू. खनिजं विरघळण्याचे दर आधीच लिहिलेले हवे असतील तर किनेक हा डेटाबेस पाहा. काहीही निवडा, पण एकच मॉडेल दोन डेटाबेसवर चालवून फरक प्रबंधात दाखवा. परीक्षक हे विचारतातच.

रिडॉक्सकडे, म्हणजे ऑक्सिडीकरण-क्षपणाकडे, सर्वांत कमी लक्ष दिलं जातं आणि सर्वांत जास्त घोटाळे तिथेच होतात. पीई (पाणी किती ऑक्सिडीकारक वा क्षपणकारी आहे याचं माप) लिहिला नाही तर प्रोग्राम ४ धरतो. बसाल्टातलं फेरस लोह पाण्यात उतरू लागलं की परिस्थिती क्षपणकारी होते आणि समतोलाच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडचं मिथेन होऊ लागतं. एवढ्या कमी तापमानाला हे प्रत्यक्षात जवळजवळ घडत नाही. पण तुमच्या आलेखात कार्बन गायब होतो आणि तो खनिजात गेला असं वाटून तुम्ही खूश होता. उपाय सोपा आहे: डेटाबेसची प्रत काढून त्यातून मिथेन आणि सेंद्रिय आम्लांच्या नोंदी वगळा आणि प्रत्येक रनमध्ये एकूण कार्बनचा ताळेबंद छापून घ्या.

आता खडक विरघळण्याचा दर. बसाल्टिक काचेसाठी गिस्लासन आणि ओल्कर्स यांचं २००३ चं समीकरण सर्रास वापरतात. दर हायड्रोजन आयनाच्या क्रियाशीलतेचा घन भागिले ॲल्युमिनियम आयनाची क्रियाशीलता, याच्या एक तृतीयांश घातावर अवलंबून. सक्रियण ऊर्जा २५.५ किलोजूल प्रति मोल. स्थिरांक १० चा उणे ५.६ वा घात. हा स्थिरांक चौरस सेंटिमीटरवर आहे. पृष्ठक्षेत्र चौरस मीटरमध्ये देऊन तोच आकडा वापरला तर दर दहा हजार पटींनी कमी येतो आणि खडक जणू निद्रिस्त दिसतो. सुरुवातीच्या पाण्यात ॲल्युमिनियम अजिबात नसेल तर शून्याने भागाकार होऊन रन थांबतो, म्हणून किलोला १० चा उणे ९ वा घात मोल इतकं नाममात्र घाला. रेट्स विभागात वेळ सेकंदांत असते. एक वर्ष म्हणजे ३.१५ कोटी सेकंद.

पृष्ठक्षेत्राबाबत खास सावध राहा. ४५ ते १२५ मायक्रॉन कणांच्या बसाल्टाचं भौमितिक क्षेत्र ग्रॅमला २५० चौरस सेंटिमीटरच्या घरात येतं. नायट्रोजन शोषणाने मोजलेलं बीईटी क्षेत्र त्याच्या कित्येक पट, कधी शंभर पटींजवळ जातं. दर ज्या क्षेत्रावर बेतलाय तेच क्षेत्र वापरायचं. एक इथलं आणि एक तिथलं असं केलं की दोन घातांकांची चूक कुणालाही न दिसता आत बसते.

गणित अडखळत असेल तर कायनेटिक्स विभागात सीव्होड हा समीकरण सोडवणारा चालू करा. नेहमीचा रुंगे-कुट्टा सोडवणारा अशा ताठर (अतिजलद आणि अतिमंद क्रिया एकत्र असलेल्या) समीकरणांना दमतो. तरीही अडलं तर नॉब्ज विभागातून पावलाचा आकार कमी करा. खडक संपल्यावर दर शून्य करणारी ओळ विसरू नका.

साका बसणाऱ्या खनिजांची यादी मात्र तुमच्या भूशास्त्रीय जाणिवेची परीक्षा आहे. मॅग्नेसाइट आणि डोलोमाइट ही मॅग्नेशियमची कार्बोनेटं यादीत ठेवली तर प्रोग्राम ते २५ अंशांनाही तत्क्षणी बसवतो, कारण समतोल तसं म्हणतो. प्रत्यक्षात मॅग्नेशियम आयन पाण्याचं कवच सहज सोडत नाही, म्हणून इतक्या कमी तापमानाला मॅग्नेसाइट अडून राहतो. आइसलंडमध्ये हेलिशेइडी इथे २०१२ मध्ये १७५ टन शुद्ध वायू पाण्यात विरघळवून सोडला. तिथला साठा २० ते ३३ अंशांचा, आणि दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त कार्बन खनिजात गेला, तो प्रामुख्याने कॅल्साइटच्या (कॅल्शियम कार्बोनेटच्या) रूपात. तुमचं मॉडेल या तापमानाला मॅग्नेसाइटचे ढीग दाखवत असेल तर यादी आखडती घ्या. सिलिकासाठी क्वार्ट्झऐवजी कॅल्सिडोनी ठेवा. स्मेक्टाइट (एक चिकणखनिज) आणि झिओलाइट मात्र ठेवाच, कारण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पळवण्यात ते कार्बोनेटचे खरे प्रतिस्पर्धी आहेत. त्यांना वगळलं की साठवण फुगून दिसते.

उणिवा. एकमितीय प्रवाह ट्रान्सपोर्ट विभागातून छान जमतो, पण साका बसून छिद्रं बुजली तर सच्छिद्रता आपोआप घटत नाही, ती तुम्हाला बेसिक (BASIC) या प्रोग्रामिंग भाषेत स्वतः लिहावी लागते. इंजेक्शन विहीर तुंबेल का, हा प्रश्न त्यामुळे फ्रीक-सीला एकट्याला झेपत नाही. वायू पाण्याशिवाय, सुपरक्रिटिकल (क्रांतिक तापमान-दाबापलीकडच्या) अवस्थेत सोडायचा असेल तर ते मुळातच अपुरं पडतं. वॉशिंग्टन राज्यातल्या वालुला इथे २०१३ मध्ये ९७७ टन असा वायू बसाल्टात सोडला आणि पुढे काढलेल्या गाभ्यांत अँकेराइट या कार्बोनेट खनिजाच्या गाठी मिळाल्या. पण वायू आणि पाणी हे दोन प्रवाह खडकातून शेजारी-शेजारी कसे सरकले, हे फ्रीक-सीत मांडताच येत नाही. त्यासाठी टफरिॲक्टसारखं बहुप्रवाही सॉफ्टवेअर घ्या, आणि फ्रीक-सीत तपासलेला तोच डेटाबेस, तेच दर तिकडे न्या.