एनडीपीएसच्या केसला विधी सेवेचा मोफत वकील: कुठे पुरतो, कुठे कमी पडतो

गांजा, गर्द किंवा एमडी सापडल्याची केस झाली की घरच्यांना दोन धक्के बसतात. एक अटकेचा, दुसरा खासगी वकिलाच्या फीचा. कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं आणि तिथला वकील अशा केसलाही मिळतो, हे अनेकांना कळतं ते दागिने मोडून झाल्यावर. म्हणून हे परीक्षण, तेही फक्त एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यापुरतं. आमचं मत आधीच सांगतो: विशेष न्यायालयातल्या खटल्यासाठी ह्या सेवेला पाचपैकी चार, अटकेनंतरच्या पहिल्या चोवीस तासांसाठी दीड.

वकील मिळवणं सोपं आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. घर स्वतःचं आहे, भाऊ नोकरीला आहे, म्हणून नकार देता येत नाही. एफआयआरचा नंबर, पोलीस ठाणं, कलमं आणि आरोपी कुठल्या तुरुंगात आहे एवढं लिहून प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावाने साधा अर्ज द्यायचा. फोनवर १५१०० आहे, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती आहे, आणि आरोपी तुरुंगातूनही अर्ज करू शकतो. रिमांडच्या वेळी ‘मला वकील नाही’ एवढं न्यायाधीशांना सांगितलं तरी नेमणूक होते. अट लागते ती बाहेर आल्यावर. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग अशा गटात माणूस बसत नसेल तर महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असावं लागतं. जामिनाच्या सुमारास उत्पन्नाचा दाखला काढून ठेवलेला बरा.

वकील कोण येतो ह्यावर बरंच ठरतं. २०२२ च्या योजनेपासून ‘लीगल एड डिफेन्स कौन्सेल’ ही पद्धत आली. हे वकील पूर्णवेळ, दरमहा मानधनावर असतात आणि त्यांना खासगी वकिली करता येत नाही. मुख्य कौन्सेलला किमान १० वर्षांची फौजदारी वकिली लागते, उपमुख्याला ७ वर्षांची. सहायक मात्र अगदी नवखा असू शकतो. रिमांडला सहायक उभा राहिला तर बिघडत नाही. पंचाच्या आणि तपास अधिकाऱ्याच्या उलटतपासणीला तोच एकटा दिसू लागला, तर सचिवांकडे लेखी अर्ज देऊन मुख्य किंवा उपमुख्य कौन्सेल मागावा. अशा अर्जात संकोच करण्यासारखं काही नाही. आणि ‘झेरॉक्सचे’, ‘साहेबांचे’ म्हणून कुणी पैसे मागितले तर तेही त्याच सचिवांना लिहून कळवायचं. सेवा मोफत म्हणजे मोफत.

पहिल्या भेटीत घरचे हमखास म्हणतात, ‘विकायला नव्हतं हो, स्वतःसाठी होतं.’ आपल्याकडे हेतूच्या आधी वजन बोलतं. परदेशी मालिकांत ऐकू येणारं ‘विक्रीच्या इराद्याने बाळगणं’ असं वेगळं कलम एनडीपीएस कायद्यात नाही. अल्प, मधली आणि व्यावसायिक अशा तीन पायऱ्या आहेत. गांजाला १ किलोच्या खाली अल्प आणि २० किलोच्या वर व्यावसायिक. चरसला १०० ग्रॅम आणि १ किलो, हेरॉइनला ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम, कोकेनला २ आणि १००, एमडी म्हणजे मेफेड्रोनला २ आणि ५०. अल्प असेल तर एक वर्षापर्यंत कैद, मधल्याला दहापर्यंत, व्यावसायिकला कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त वीस वर्षं, वर एक ते दोन लाख दंड. ‘वर’ हा शब्द तंतोतंत वाचायचा: बरोबर ५० ग्रॅम एमडी व्यावसायिक नाही, ५०.१ ग्रॅम आहे. शुद्ध माल किती आणि भेसळ किती हा हिशेबही आता चालत नाही. एप्रिल २०२० च्या हिरा सिंग निकालापासून भेसळीसकट सगळं वजन धरतात. तो मुद्दा हुकमी म्हणून सांगणारा वकील जुन्या नोट्सवर चालला आहे.

ह्या सेवेला चार गुण दिले ते मुख्यतः पंचनामा वाचण्याच्या कामासाठी. डिफेन्स कौन्सेल रोज त्याच कोर्टात असतो, त्याच पोलीस ठाण्यांचे पंचनामे त्याच्या डोळ्यांखालून जातात, साचा कुठे फाटतो ते त्याला माहीत असतं. गांजाची केस घ्या. पंचनाम्यात साधारण अशी ओळ असते: ‘गोणीमध्ये हिरवट रंगाचा, उग्र वासाचा, पाला, बोंडे व काड्या असलेला गांजा, वजन २१ किलो ४०० ग्रॅम.’ सगळी केस ह्या ओळीत आहे. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं धरलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यात येत नाहीत. मग वजन गोणीसकट केलं की गोणी रिकामी करून? माल ओला होता का? काड्या वेगळ्या काढल्या का? प्रयोगशाळेत गेलेला नमुना शेंड्यांचा होता की नुसत्या पाल्याचा? सरकारी वकील म्हणणार, शेंड्यांबरोबरची पानं मोजायचीच. त्याला उत्तर म्हणून पंचनाम्यात शेंड्यांचा उल्लेख तरी आहे का, हे पाहावं लागतं. २१.४ मधले दीड किलो संशयात गेले की केस २० किलोच्या रेघेखाली येते आणि कलम ३७ चा जामिनातला अडसर निघतो. मुंबई उच्च न्यायालयात ह्या मुद्द्यावर जामीन झालेले आहेत.

कलम ३७ म्हणजे काय ते घरच्यांना नीट सांगितलं जात नाही, ही ह्या सेवेबद्दलची एक रास्त तक्रार. व्यावसायिक प्रमाण असेल किंवा कलम २७अ (अमली पदार्थांच्या व्यापाराला पैसा पुरवणं) लावलं असेल, तर आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारणं आहेत आणि तो बाहेर येऊन पुन्हा असा गुन्हा करणार नाही, ह्या दोन्हींबद्दल न्यायाधीशांची खात्री पटावी लागते. म्हणून ‘घरात म्हातारी आई आहे’ हा अर्ज इथे चालत नाही. थोड्या मालाच्या केसमध्ये २७अ दिसलं तर आधी त्याच्यावर हल्ला चढवायला सांगा. दुसऱ्यासाठी मालाचे पैसे दिले एवढ्यावरून व्यापाराला अर्थपुरवठा होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये म्हटलं आहे.

अंगझडतीची नोटीस हा दुसरा कागद. कलम ५० प्रमाणे राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडतीचा हक्क आरोपीला सांगावा लागतो. दोघांना मिळून एकच नोटीस दिली, किंवा तिसरा पर्याय म्हणून छाप्यातल्याच अधिकाऱ्याचं नाव घातलं, तर झडती अडचणीत येते. २०१४ च्या परमानंद निकालात हे दोन्ही होतं. पण माल पाठीवरच्या सॅकमध्ये किंवा गाडीच्या डिकीत मिळाला असेल तर कलम ५० लागू होत नाही. सॅकच्या केसमध्ये त्यावर चार पानं लिहिणाऱ्याचा अर्ज जाड होतो, एवढंच.

नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढायचे, हे मोहनलाल निकालाने २०१६ मध्ये स्पष्ट केलं. डिसेंबर २०२२ च्या नियमांत प्रमाणही दिलं आहे: गांजा, चरस, अफूचे २४ ग्रॅम, बाकीचे ५ ग्रॅम, प्रत्येकी दोन नमुने. पोलिसांनी जागेवरच पुड्या बांधल्या तर मुद्दा मिळतो, मात्र तेवढ्यावर सुटका नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कलम ५२अ ची, म्हणजे नमुने काढण्याच्या पद्धतीतली, चूक आपोआप केस पाडत नाही, जप्त माल आणि तपासलेला माल एकच आहे का ह्याबद्दल शंका उभी राहावी लागते. म्हणून खरं काम कंटाळवाणं आहे. पंचनाम्यातला लाखेच्या सीलचा ठसा, मुद्देमाल रजिस्टरची नोंद, सीए रिपोर्टवरचं (रासायनिक तपासणीच्या अहवालावरचं) सीलचं वर्णन आणि पोचलेल्या नमुन्याचं वजन हे चारही शेजारी ठेवून वाचायचं. ५ ग्रॅम निघाले आणि ३.२ पोचले असतील, तर उलटतपासणी तिथून सुरू होते. ह्या कागदांच्या नकलांचा खर्चही विधी सेवेतून होतो.

आता दीड गुण का, ते. छापा रात्री पडतो आणि विधी सेवेचं ऑफिस सकाळी उघडतं. मधल्या तासांत कोऱ्या कागदांवर सह्या होतात, फोनचा पासवर्ड दिला जातो. एनसीबीसारख्या केंद्राच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेच्या अधिकाऱ्याला दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही (तोफन सिंग, ऑक्टोबर २०२०), पण त्यातून निघालेली नावं आणि फोनमधल्या चॅट मागे लागतातच. घरच्यांनी त्या रात्री दोन गोष्टी कराव्यात. अटकेची कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली का ते विचारावं. नोव्हेंबर २०२५ च्या निकालाप्रमाणे ती रिमांडच्या किमान दोन तास आधी हातात पडायला हवीत. दुसरं, जिथे पकडलं त्या पानटपरीचं, सोसायटीचं फुटेज जपून ठेवायचा लेखी अर्ज द्यावा. ते काही आठवड्यांत पुसलं जातं, आणि मोफत वकील ते गोळा करत फिरणार नाही. १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचं चित्रीकरण पोलिसांवर बंधनकारक आहे. त्याची प्रत वकिलाला पहिल्या आठवड्यातच मागायला लावा.

एकाच केसमध्ये चार आरोपी असतील आणि एक दुसऱ्यावर ढकलत असेल, तर चौघांना एकाच ऑफिसचा वकील नको. विधी सेवेच्या पॅनेलवरचा, म्हणजे यादीतला, वेगळा वकील मागता येतो.

जिल्ह्यातला कौन्सेल उच्च न्यायालयात येत नाही. तिथे उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे वेगळा अर्ज लागतो आणि फाइल वरती जायला वेळ जातो, म्हणून जामीन फेटाळल्याच्या दिवशीच आदेशाच्या आणि चार्जशीटच्या नकलांचा अर्ज टाकावा. कोल्हापूर भागातल्यांना ऑगस्ट २०२५ पासून मुंबईची खेप वाचते, उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच तिथेच बसतं. खटला वर्षानुवर्षं रेंगाळत असेल तर कलम ३७ असूनही जामीन होऊ शकतो, असा २०२३ चा मोहम्मद मुस्लिम निकाल आहे. किती साक्षीदार झाले आणि किती बाकी, हा तक्ता अर्जाला जोडायचा.

सगळ्यात जास्त नजर ठेवायची ती १८० दिवसांवर, कारण एका कौन्सेलकडे अनेक फाइली असतात आणि ही तारीख निसटते. व्यावसायिक प्रमाणात चार्जशीटला एवढी मुदत आहे, आणि तेवढ्यात ती आली नाही तर जामीन हक्काने मागता येतो. मुदत वाढवायला सरकारी वकिलाने तपासाची प्रगती आणि नेमकी कारणं लिहून स्वतःचा अहवाल द्यावा लागतो, तपास अधिकाऱ्याचं पत्र पुढे सरकवून भागत नाही. मोजणी पहिल्या रिमांडचा दिवस धरून करायची. ई-कोर्ट्स ॲपमध्ये केसचा १६ अक्षरी सीएनआर नंबर टाकून चार्जशीट दाखल दिसते का ते रोज पाहावं, आणि मुदतवाढ झालेली नसेल तर १८१ व्या दिवशी कोर्ट उघडताच ह्या हक्काच्या जामिनाचा अर्ज द्यावा. अर्ज सकाळी आणि चार्जशीट दुपारी आली तर हक्क टिकतो. उलट झालं तर गेला. आदेश मिळाल्यावर जामीनदाराअभावी माणूस आतच राहू नये म्हणून जामीनदाराचं आधार, रेशनकार्ड, सातबारा किंवा पगाराची स्लिप १७५ व्या दिवशीच वकिलाच्या फाइलला लावून ठेवावी.