अकरावीचे कपडे: जून ते एप्रिल, काय विकत घ्यावं, काय शिवावं, काय मागून आणावं

दहावीपर्यंत गणवेशाने एक मोठा प्रश्न सोडवलेला असतो. अकरावीला प्रवेश झाला की तो थेट घरात येऊन पडतो: रोज घालायचं काय? मुलांच्या फोनवर बॅगी जीन्स, पॅराशूट पँट, ओव्हरसाइझ्ड टी-शर्ट, को-ऑर्ड सेट (वर-खाली एकाच कापडाचा जोड) यांची रांग लागलेली असते, आणि आईबाबांच्या डोक्यात खर्चाचा आकडा फिरत असतो. बऱ्याच घरांत मग जूनमध्ये एकाच फेरीत सगळी खरेदी उरकली जाते. माझ्या मते हीच पद्धत सगळ्यात महाग पडते. आपलं शैक्षणिक वर्ष भर पावसात सुरू होतं, मधे गणपती, नवरात्र, दिवाळी येतात, डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंग आणि डेज असतात, आणि परीक्षा उन्हाच्या झळांत. मुलांची आवड या प्रत्येक टप्प्यावर बदलते. म्हणून पैशांचे टप्पे पाडावेत, आणि मोठा वाटा पँटवर घालावा. टी-शर्ट चार महिन्यांत मनातून उतरतो, पण पँट अंगावर बसली की मुलं तीच तीच घालतात.

त्याआधी एक काम करा. कॉलेजची नियमावली वाचा. २०२४ मध्ये चेंबूरच्या एका महाविद्यालयाने फाटकी जीन्स, टी-शर्ट आणि जर्सी यांवर बंदी घातली होती. असे नियम अनेक ठिकाणी असतात आणि ते कळतात पहिल्या दिवशी गेटवर. प्रवेशफेऱ्यांमुळे अकरावीचे वर्ग बऱ्याचदा उशिरा भरतात. तेवढ्या वेळात त्याच कॉलेजात शिकणाऱ्या एखाद्या दादाला किंवा ताईला विचारून घ्यावं.

पाऊस: बॅगी जीन्स की पॅराशूट पँट?

आजच्या मुलांच्या मनातली जीन्स म्हणजे बॅगी किंवा वाइड लेग. पायाखाली कापड साचलं पाहिजे, बुटावर घडी पडली पाहिजे, हीच तिची शोभा. जुलैत नेमकी तीच अडचण होते. घोट्याखाली लोळणारी बॉटम पहिल्याच डबक्यातलं पाणी ओढते आणि सुती डेनिम ते पोटरीपर्यंत चढवतं. ओली जीन्स जड होते, चिखलाचे डाग शिवणीत बसतात, आणि मुंबई-कोकणात ती दोन दिवसांतही नीट वाळत नाही. मग सकाळच्या लेक्चरला ती दमट असतानाच चढवली जाते. जाड, दमट कापड दिवसभर जांघेत घासत राहिलं की गजकर्णाला आयतं निमंत्रण मिळतं. हे मी घाबरवायला सांगत नाही. मुलं लाजेपोटी महिनाभर बोलत नाहीत, आणि तोवर ते पसरतं.

पॅराशूट पँट म्हणजे पातळ, सैल पँट, नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची. कापूस हवेतली ओलसुद्धा धरून ठेवतो. साधारण हवेत त्याच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी त्याच्यात असतं, पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्काही नसतं. म्हणून ही पँट रात्री धुऊन पंख्याखाली टाकली की सकाळी तयार. तिची दुसरी खुबी खाली असते: बॉटमला दोरी आणि बटण असतं. रस्त्यात पाणी असेल तर ती पोटरीवर आवळून घ्यायची, वर्गात पोचल्यावर सोडायची. फॅशन आणि पाऊस दोघांचं इतकं जमलेलं कापड मी दुसरं पाहिलेलं नाही.

तिचे तोटेही आहेत. ती घाम शोषत नाही, चालताना सळसळते, आणि स्वस्तातली असेल तर गुडघ्याशी चिकटते. सायन्सच्या मुलांनी आणखी एक लक्षात ठेवायचं: केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला बर्नर असतो. पॉलिएस्टर आणि नायलॉन आचेने वितळून कातडीला चिकटतं, सुती कापड तसं वितळत नाही. त्या दिवशी सुती पँट, पूर्ण बंद बूट आणि वर सुती एप्रन. भोकांचे क्रॉक्स पावसात सोयीचे असले तरी ॲसिडच्या टेबलापाशी नकोत.

नियम कडक असतील तिथे तिसरा पर्याय चांगला. मुलं जिला कोरियन पँट म्हणतात ती सरळ, सैल, पुढे चुण्या असलेली ट्राउझर. मिश्र धाग्याची असल्याने ती लवकर वाळते, इस्त्री फारशी मागत नाही, कुठल्याही प्राचार्यांना चालते आणि मुलांनाही जुनाट वाटत नाही.

माझा कौल असा: पावसाळ्यासाठी दोन पॅराशूट किंवा पातळ कापडाच्या कार्गो आणि एक कोरियन पँट. जीन्स दिवाळीनंतर. त्याला आणखी एक कारण आहे. या वयात मुलग्यांची उंची बऱ्याचदा अजून वाढत असते. जूनमध्ये घेतलेली जीन्स थंडीत आखूड वाटू शकते, आणि आखूड बॅगी जीन्स कुणीही घालत नाही.

विंडचीटरबद्दल एवढंच, की पुण्याच्या भुरभुर पावसाला तो पुरतो, मुंबईच्या झोडपणाऱ्या सरींपुढे पातळ विंडचीटर शिवणींतून झिरपतो. तिथे छत्री आणि रेनकोटच.

टी-शर्ट: किती जाड?

ओव्हरसाइझ्ड टी-शर्ट सगळे सारखेच दिसतात, पण हातात घेतल्यावर फरक कळतो. लेबलवर किंवा ऑनलाइन माहितीत जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. १८० च्या आसपासचा नेहमीचा, २२० ते २४० चा जाड, खांद्यावरून भारदस्त पडणारा. रील्समधला तो चौकोनी आकार जाड कापडानेच येतो. पातळ कापडाचा ओव्हरसाइझ्ड दोन धुण्यांत गाऊनसारखा लोंबतो. तरी पावसाळ्यात १८० चाच घ्या, कारण जाडा वाळत नाही आणि कुबट वास धरतो. २४० चा ऑक्टोबरनंतर काढा. शुद्ध सुती होजिअरी पहिल्या धुण्यात थोडी आटते, तेव्हा प्री-श्रंक, म्हणजे आधीच आटवलेल्या कापडाचा, असं लिहिलेला पाहून घ्यावा. गळ्याची पट्टी ताणून सोडा. ती लगेच मूळ जागी आली नाही तर तो टी-शर्ट ठेवून द्या.

घ्यायचं कुठून?

शहरांत आता पहिलं नाव येतं झुडिओचं. टाटांच्या ट्रेंट कंपनीचं हे दुकान, जवळपास सगळे कपडे ९९९ रुपयांच्या आत. घासाघीस नाही, घालून बघायला खोली आहे, मुलं मित्रांबरोबर स्वतः जाऊन घेऊ शकतात. पहिल्यांदा स्वतःच्या हिशेबाने खरेदी शिकण्यासाठी मला ही जागा आवडते. अडचण एकच: वर्गात तोच टी-शर्ट आणखी चौघांच्या अंगावर दिसतो, आणि या वयात ते फार लागतं. ते क्षुल्लक समजू नका.

मुंबईतला आझाद मैदानाजवळचा फॅशन स्ट्रीट, वांद्र्याचा लिंकिंग रोड, पुण्याचं फर्ग्युसन रोडचं फुटपाथ किंवा डेक्कनचं हाँगकाँग लेन, नागपूरची सीताबर्डी. इथे वेगळेपणा मिळतो. एक्स्पोर्टच्या उरलेल्या मालात उत्तम शिलाईचे तुकडेही सापडतात. पण घालून बघता येत नाही, परत करता येत नाही, आणि भाव करायला जीभ लागते. पँट इथे घेऊ नये. टॉप, शर्ट, कानातले, बॅगा खुशाल घ्याव्यात.

ऑनलाइनवर निवड अमाप, आणि लहान गावांतल्या मुलांना तर तोच मोठा आधार. शिरूर किंवा दापोलीच्या मुलीला वाइड लेग जीन्स पुण्या-मुंबईला न जाता मिळते, ही मोठीच गोष्ट आहे. साइझच्या अक्षरांवर मात्र विसंबू नका. घरातला नीट बसणारा टी-शर्ट सपाट पसरा, काखेपासून काखेपर्यंत आणि खांद्यापासून खालपर्यंत टेपने मोजा, आणि तो इंचांचा आकडा तक्त्याशी ताडा. पँटला कंबरेइतकंच रुंदीकडे आणि आतल्या शिवणीच्या लांबीकडे लक्ष द्या. बॅगी दिसणं त्यांवरच ठरतं.

किमतीचा एक मुद्दा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या एका कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या किमतीला १८ टक्के. आधी ही रेषा हजारावर होती आणि तिच्या पुढे १२ टक्के लागत. म्हणजे हजार ते अडीच हजारांतल्या चांगल्या जीन्स आणि हुडीवरचा कर ७ टक्क्यांनी उतरला. टिकाऊ वस्तूवर खर्च करायचा असेल तर तो याच पट्ट्यात करा.

सण: शिवणं, तयार घेणं, की आईची साडी?

गणपतीला मुलांना कुर्ता आणि मुलींना शॉर्ट कुर्ती पुरते. पांढरी चिकनकारी कुर्ती, खाली जीन्स, कानात ऑक्सिडाइज्ड झुमके, हा मुलींचा वर्षभर चालणारा वेश आहे, आणि माझ्या मते अख्ख्या वर्षातली सगळ्यात शहाणी खरेदी. नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग पाळायचे तर नऊ कपडे नकोत. त्या एका पांढऱ्या कुर्तीवर आई, आजी, काकू, मावशी यांच्या कपाटांतल्या ओढण्या फिरवल्या की झालं. गरब्याची चनिया-चोली भाड्याने आणावी. वर्षात दोन-तीन रात्रींसाठी एवढा घेर कपाटात ठेवायला जागा कुठे असते?

दिवाळीला काहीतरी शिवून घ्यावं असं मी आग्रहाने सांगेन. खणाच्या कापडाचा क्रॉप टॉप, मुलासाठी बंडी किंवा मापाचा कुर्ता. शिवलेलं अंगावर जसं बसतं तसं तयार बसत नाही, आणि शिंप्याला सांगून आत भरपूर माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, ठेवता येते. मग पुढच्या वर्षी उसवून तोच कपडा सैल होतो. तयार कपड्यात कापलेली कड इतकी बारीक असते की ती सोय राहत नाही. मात्र कापड गणपतीच्या आसपासच टाका, दसरा आला की चांगले शिंपी नवीन काम घेत नाहीत.

ट्रॅडिशनल डेला तिन्ही पर्याय समोर येतात. भाड्याची शिवलेली नऊवारी झटकन नेसता येते, सोबत नथ आणि अंबाडा मिळतो, पण माप दुसऱ्याचं असतं. नवी साडी घेणं या वयात फारसं परवडत नाही, कारण ती पुन्हा नेसण्याचे प्रसंग कमी. आईची काठपदराची साडी, वर फक्त नवा ब्लाउज, हा मला सर्वांत उजवा पर्याय वाटतो. ब्लाउज एकरंगी शिवला तर दोन-तीन साड्यांवर जातो. आदल्या दिवशी घरात नेसून, बसून, जिना चढून बघावं. मुलगा असेल तर फेटा बांधून देणारा आधी ठरवा. त्या सकाळी सगळ्यांना तोच हवा असतो.

थंडी: हुडी की डेनिम जॅकेट की स्वेटर?

इथे शहर बघून निर्णय घ्यायचा. मुंबई-ठाण्याला खरी थंडी मोजक्या पहाटेच. तिथे हुडी एसी वर्गात आणि फोटोत लागते, म्हणून आतून लव नसलेली, लूपनिटची, २४० जीएसएमच्या आसपासची पुरे. पुणे, नाशिक, नागपूरला सकाळचा पारा १० अंशांच्या खाली जातो, निफाडला तर त्याहून कितीतरी खाली. सकाळी सातला सायकलवर निघणाऱ्या मुलाला आतून लव असलेली, ३०० च्या पुढची हुडी हवी. डेनिम जॅकेट दिसतं छान, वर्षानुवर्षं टिकतं, पण वारा लागला की ऊब कमी पडते. ते पहिल्यांदा घेऊ नका, दुसऱ्या वर्षी घ्या.

स्वेटर मुलांना नको असतो, तरी हिवाळ्यात ठिकठिकाणी लागणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांच्या बाजारात त्यांना एकदा घेऊन जा. लुधियानाहून येणाऱ्या त्या मालात सैल विणीचे कार्डिगन मिळतात, आणि मुलींमध्ये सध्या तेच चालतात. दिवाळीनंतरची राखून ठेवलेली जीन्सही आताच घ्या. आता रस्ते कोरडे असतात. लांबी जास्त वाटली तर कापू नका, आत दुमडून कच्चा टाका मारा, वर्षभरात सोडता येईल.

मार्च-एप्रिल

नवं काही नको. परीक्षेला जुने, मऊ झालेले सुती कपडे सगळ्यात बरे, खिसे कमी असलेले, कारण परीक्षेच्या दारात झडती होते. विदर्भात आणि मराठवाड्यात उन्हासाठी पूर्ण बाह्यांचा एक सैल सुती शर्ट हवा. तो टी-शर्टवर उघडा घालायची पद्धत मुलांत आहेच, आणि उन्हात हात झाकायला तोच कामी येतो. बाबांच्या कपाटातला चौकड्यांचा शर्ट दोन मापं मोठा असला तरी चालतो.