मुलांचा टॅकल-वर्ग: पश्चिम सिडनीतले चार रविवार

माझा बारा वर्षांचा मुलगा पश्चिम सिडनीतल्या एका क्लबकडून रग्बी लीग खेळतो. गेल्या मोसमात त्याच्या संघातल्या एका मुलाचे डोके टॅकल करताना, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडताना, समोरच्याच्या मांडीवर आपटले आणि तो काही क्षण निपचित पडून राहिला. त्या दिवसापासून घरात या खेळाचा विषय निघाला की माझी पत्नी गप्प होते. म्हणून नवा मोसम सुरू होण्याआधी जवळच्याच एका खासगी प्रशिक्षण केंद्राच्या टॅकल-वर्गात आम्ही मुलाचे नाव घातले. वर्ग चार रविवारांचा होता आणि प्रत्येक वेळ दीड तासाची.

पहिल्या दिवशी कोणालाही पळत टॅकल करू दिला नाही, हे मला सर्वांत आवडले. मुले गादीवर गुडघे टेकून शिकली, मग उकिडवी बसून आणि शेवटी चालत. प्रशिक्षकांनी प्रत्येकाच्या टी-शर्टवर काखेच्या रेषेत पिवळी चिकटपट्टी लावली आणि हात या पट्टीच्या वर गेला की तो टॅकल बाद, असे बजावले. त्याहून महत्त्वाचा धडा डोक्याचा होता. टॅकल करणाऱ्याने खांदा लावताना डोके चेंडू नेणाऱ्याच्या मागच्या बाजूला ठेवायचे असते. ते पुढे राहिले तर त्याचा गुडघा किंवा कंबर थेट कानशिलावर बसते. धोका चेंडू नेणाऱ्यालाच असतो असे मी आजवर समजत होतो, पण मार बऱ्याचदा टॅकल करणाऱ्यालाच बसतो. माझ्या मुलाला ऐन वेळी मान खाली घालायची सवय आहे. ती मोडण्यासाठी प्रशिक्षक चेंडू नेणाऱ्याच्या कमरेमागे उभे राहून बोटे दाखवत आणि किती बोटे आहेत ते टॅकल करता करता सांगायला लावत. नजर वर राहिली की मान आपोआप ताठ राहते, हे त्याला भाषण न देता कळले.

तिसऱ्या रविवारी उचलून आपटण्याच्या टॅकलचा विषय होता. मार्च २०१४ मध्ये मेलबर्न स्टॉर्म या संघाविरुद्धच्या सामन्यात न्यूकॅसल नाइट्स संघाच्या ॲलेक्स मॅकिननला तिघांनी मिळून टॅकल केले. तो उचलला गेला, मानेवर पडला आणि त्याला चाकाच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला. त्या तिघांपैकी जॉर्डन मॅक्लीनवर त्याबद्दल सात सामन्यांची बंदी आली. प्रशिक्षकांनी ती चित्रफीत दाखवली नाही, हे योग्यच केले. त्याऐवजी त्यांनी तीन मुलांना एक जड टॅकल-बॅग उचलायला लावली, मध्येच थांबवले आणि वरच्या टोकाचा भार कोणाच्या हातात आहे, असे विचारले. तिघेही एकमेकांकडे पाहत राहिले. तिघांपैकी कोणाच्याही मनात वाईट नसताना माणूस मानेवर कसा पडतो, ते मला त्या क्षणी समजले.

मात्र मान छातीकडे दाबून वरून भार टाकणारा क्रशर आणि मागून धरून आपले सारे वजन समोरच्याच्या पोटरी-घोट्यावर सोडणारा हिप-ड्रॉप, हे दोन्ही दहा मिनिटांत उरकले. आज टीव्हीवर ज्यांची सर्वाधिक चर्चा होते आणि मुले ज्यांची नक्कल करतात, ते हेच प्रकार आहेत. मी साताऱ्याकडे कबड्डी खेळत वाढलो. तिथेही चढाई करणाऱ्याला पायांच्या कैचीत धरायला मनाई होती आणि ती का, हे आम्हाला एकमेकांवर हळू करून दाखवले होते. इथे तेवढे व्हायला हवे होते.

सर्वांत मोठी उणीव शिस्तीची आहे. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या राज्यांत दरवर्षी होणाऱ्या स्टेट ऑफ ओरिजिन मालिकेच्या २०२४ मधल्या पहिल्या सामन्यात न्यू साउथ वेल्सच्या जोसेफ सुआलीने क्वीन्सलँडच्या रीस वॉल्शच्या डोक्यावर टॅकल केला आणि पहिल्या दहा मिनिटांतच त्याला बाहेर काढले. न्यू साउथ वेल्स उरलेला सामना तेराऐवजी बारा जणांनिशी खेळून ३८-१० ने हरले. हे उदाहरण मुलांना तोंडपाठ होते, पण चर्चा नियमांपुरतीच राहिली. आपल्याला जोरात मार बसला की पुढच्या टॅकलमध्ये हात वर जातो, दम लागला की पाय मागे राहतात आणि फक्त हात पुढे जातो. अशा वेळी काय करायचे, याचा सराव झालाच नाही. चारही रविवारी मुले ताजीतवानी असतानाच टॅकल शिकली. दमलेल्या मुलाची पट्टी खरोखर पाळली जाते का, ते कोणी पाहिले नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकली. केंद्राच्या काउंटरवर डोक्यावर घालायचे मऊ हेडगिअर विकायला होते आणि त्याने मेंदूला मार बसत नाही, असे पालकांना सांगितले जात होते. कान आणि कातडी वाचवायला ते उपयोगी आहे. पण धक्का बसल्यावर मेंदू कवटीच्या आत हलतो, तो बाहेरच्या फोमने थांबत नाही. असे सांगून विकणे चुकीचे आहे, हे मी तिथेच बोलून दाखवले.

आठ ते बारा वयाच्या, नुकतेच टॅकल शिकणाऱ्या मुलांना इथे जरूर पाठवावे. त्याहून मोठ्या मुलांसाठी नाव घालण्याआधी दमल्यावरचा सराव आणि तिघांच्या टॅकलला किती वेळ देणार, हे आधी विचारून घ्यावे. चोवीस मुलांमागे दोनच प्रशिक्षक होते, त्यामुळे पालकांनी कडेला उभे राहून पाहणेही गरजेचे आहे.