हर्क्युलिसची महावेदी: सशुल्क सचित्र व्याख्यान, रत्नागिरी

देवपदाला पोहोचलेल्या हर्क्युलिसच्या रोमन पूजाविधीवर रत्नागिरीतील एका वाचनालयाने ठेवलेले हे व्याख्यान शुल्काच्या मानाने सरस होते. इतर बहुतेक रोमन विधींत यजमान डोके झाकून घेत असे, तर रोममधील गुरांच्या बाजारातील हर्क्युलिसच्या महावेदीवर ते उघडे ठेवून ग्रीक रीतीने बळी दिला जाई, स्त्रियांना तेथे मज्जाव असे आणि व्यापारी नफ्याचा दशांश अर्पण करीत, हे वक्त्यांनी सावकाश उलगडले. पोटिटी घराण्याकडील पूजेचा मान, परंपरेनुसार, इ.स.पू. ३१२ मध्ये सरकारी गुलामांकडे गेला, हा भाग शिमग्यातल्या पालखीच्या मानापमानांत मुरलेल्या श्रोत्यांना (साहजिकच) सर्वाधिक रंगला. नकाशे मात्र पुसट होते आणि प्रश्नांना वेळ उरला नाही.