विश्रामबागेतला ध्यानवर्ग : दोन महिन्यांचा हिशेब

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर मी दिवाणजी आहे. दिवसभर सौदे, हमालांच्या हाका आणि शेतकऱ्यांचे 'पट्टी झाली का', म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब झाला का, म्हणून फोन. बीपीची गोळी वाढली तेव्हा बायकोनंच या वर्गात माझं नाव घातलं. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी 7 ते पावणेआठ, महिना 600 रुपये.

शिकवणाऱ्या मॅडम कमी बोलतात, हे पहिलं आवडलं. चक्रं, दिव्य प्रकाश असलं काही नाही. पतंजलींचं 'स्थिरसुखमासनम्' एवढं सांगितलं आणि माझा गुडघा दुखतो म्हटल्यावर सरळ खुर्ची दिली. नाकपुडीशी श्वास जाणवतो तिथं लक्ष ठेवायचं, मन पळालं की परत आणायचं, स्वतःवर चिडायचं नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात हेच आहे म्हणाल्या, पण त्यावर प्रवचन झोडलं नाही.

खटकली ती बासरी. फोनवरची बासरी स्पीकरवर लावायचे, आणि एकदा ऐन मध्यात गृहकर्जाची जाहिरात लागली. सगळे खो खो हसले. मी बोललो तेव्हा बंद केली. आता खालच्या गाड्यावर भजी तेलात सोडल्याचा आवाजसुद्धा वर येतो, तरी चालतं. बासरीत मी शांत झालोच नव्हतो, नुसता रमलो होतो. ती गेल्यावर पहिले आठ दिवस डोक्यात जो बाजार भरला, तो काय सांगू!

दुसरी तक्रार अजून कायम आहे. 7 वाजले की लगेच डोळे मिटायला लावतात. हरिपूरची पेवं ज्यांना ठाऊक आहेत त्यांना चटकन कळेल. जमिनीखाली हळद साठवायची ती पेवं. 2005 च्या पुरानं बरीच गेली. आत हवा नाही म्हणून कीड नाही, पण म्हणूनच तोंड उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नाही. काही तास उघडं ठेवायचं, मग माणूस सोडायचा. उमेदवारीत मी एकदा उतरलो होतो. खाली फक्त आपलाच श्वास ऐकू येतो. यार्डातून स्कूटरवर येऊन थेट डोळे मिटले की माझा जीव तसाच गुदमरतो. म्हणून मी पावणेसातलाच येऊन जिन्यात बसतो. नवीन येणाऱ्यांनीही तसंच करावं, आणि वर्गानं दार लवकर उघडावं.

गोळी आहे तेवढीच आहे. मात्र परवा पंधराएक मिनिटं खरंच आत काही हललं नाही, आणि मग अचानक आठवलं, मंगळवारच्या पट्टीत हमाली दोनदा कापली गेलीय. मॅडम म्हणाल्या, "येऊ द्या, जाऊ द्या, धरून बसू नका." नाही धरलं. सकाळी वही उघडली तर खरंच दोनदा कापली होती.

पाचपैकी चार.