आयकराची थकबाकी: हरकत, हप्ते की सोनेतारण?

माझी मावसबहीण खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. वर्षाच्या मध्यात तिने नोकरी बदलली. दोन्हीकडून फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) आले, पण दोन्ही रुग्णालयांनी आपापल्यापुरताच हिशोब धरून टीडीएस, म्हणजे पगारातून कापायचा कर, कमी कापला होता. रिटर्न भरताना हातात पैसे नव्हते, म्हणून तिने ‘पे लेटर’, म्हणजे कर नंतर भरण्याचा पर्याय, निवडला. पुढे आयकर विभागाकडून ३८,४०० रुपयांच्या मागणीची नोटीस आली आणि मोबाइलवरची ती पीडीएफ तिने भीतीपोटी तीन आठवडे उघडलीच नाही. भरायला मुदत असते ३० दिवसांची. त्यानंतर दरमहा १ टक्का सरळव्याज सुरू होतं आणि महिन्याचा एक दिवस सरला तरी पूर्ण महिना धरतात. तिच्या बाबतीत महिन्याला ३८४ रुपये.

पैशांची जुळवाजुळव करण्याआधी रक्कम बरोबर आहे का ते पाहा. फॉर्म २६एएस (तुमच्या नावावर सरकारकडे जमा झालेल्या कराचा उतारा) उघडा आणि पगारपत्रकावरची कपात तिथे दिसते का, ते ओळीओळीने ताडून बघा. मालकाने कर कापला पण सरकारकडे भरला नाही, तर तेवढा कर तुमच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, हे कायद्यातच आहे. अशा वेळी आयकर विभागाच्या पोर्टलवर ‘डिमांड इज करेक्ट’ (मागणी बरोबर आहे) निवडू नका. ते एकदा पाठवलं की नंतर असहमती नोंदवता येत नाही. असहमती नोंदवा, पगारपत्रकं आणि बँकेचा उतारा जपून ठेवा.

साधी चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज करा. तो ऑनलाइन होतो, शुल्क लागत नाही आणि ४ वर्षांपर्यंतची मुदत असते. अपिलाला मात्र ३० दिवसच आणि उत्पन्नानुसार २५० ते १,००० रुपये शुल्क. शिवाय निकालापर्यंत वसुली थांबवायची तर साधारणपणे वादातल्या रकमेच्या २० टक्के आधी भरायला सांगतात. मुद्दा खरोखर वादाचा असेल तरच त्या वाटेला जावं.

बहिणीची थकबाकी खरी होती. मग प्रश्न उरला पैशांचा.

हप्त्यांसाठी आपल्या कर निर्धारण अधिकाऱ्याकडे मुदत संपायच्या आत लेखी अर्ज करायचा. पगार, घरभाडं, मुलांची फी, चालू ईएमआय असं सगळं आकड्यांत मांडायचं आणि किती रकमेचे किती हप्ते झेपतील ते स्वतःच सुचवायचं. मंजुरी अधिकाऱ्याच्या हातात असते आणि व्याज चालूच राहतं. पण हप्ते वेळेवर जात असले की दंडाची किंवा बँक खातं गोठवण्याची टांगती तलवार राहत नाही. एक हप्ता चुकला तर मात्र उरलेली सगळी रक्कम एकदम देय होते. म्हणून झेपेल त्याहून थोडा लहानच हप्ता मागा.

क्रेडिट कार्डावरून भरून टाकायचा मोह टाळाच. महिन्याला साडेतीन टक्के धरले तरी ३८,४०० वर १,३४४ रुपये होतात, सरकारी व्याजाच्या साडेतीनपट. बँकेचं सोनेतारण वर्षाला ९-१० टक्क्यांनी मिळत असेल तर ते या व्याजापेक्षा स्वस्त पडतं. पण दागिना सोडवायची तारीख आधी ठरलेली हवी. बहिणीने एक पाटली गहाण ठेवून निम्मे पैसे लगेच भरले आणि उरलेल्यासाठी सहा हप्ते मागितले. मला हा मार्ग सगळ्यांत पटला.

‘पुढच्या वर्षीच्या रिफंडमधून वळते होतील’ म्हणून थांबणं दोन-तीन हजारांच्या मागणीपुरतंच ठीक. व्याजमाफीचा अर्जही करता येतो. पण खरी हलाखी, हाताबाहेरची परिस्थिती आणि चौकशीत सहकार्य, या तिन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात, आणि मूळ कर त्यात माफ होत नाही. मोठं आजारपण किंवा नोकरी जाणं असं काही घडलं असेल तर जरूर करा.

पैसे भरताना पोर्टलवरच्या ‘ई-पे टॅक्स’ सुविधेत ४०० क्रमांकाचा प्रकार निवडून मागणीचा संदर्भ क्रमांक जुळवून घ्या. चुकून ३०० निवडला तर खात्यातून पैसे जातात आणि मागणी पोर्टलवर तशीच उभी राहते.